पृथ्वीचा आधार : भास्कराचार्यांचे उत्तर आणि पाथरीचा आक्षेप

परभणी-परळी लोहमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचे स्थानक आहे. पोखर्णीची ओळख नृसिंहाच्या देवळाने आहे. नृसिंहाची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तिच्यात तर्काचा एक पेच आहे, याकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते. हिरण्यकशिपूने वर मागताना सगळ्या वाटा बंद केल्या होत्या. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको. दिवसा नको, रात्री नको. घरात नको, बाहेरही नको. देवाने त्यातली एकही अट मोडली नाही. दोन अटींच्या मधला उंबरा शोधला आणि तिथे बसून निकाल लावला.

याच परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे सूर्यपंडित यांनी सोळाव्या शतकात ‘नृसिंहचंपू’ लिहिला. सुलट वाचले की रामकथा आणि उलट वाचले की कृष्णकथा, असे ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही त्यांचेच. पण हा कवी व्यवसायाने ज्योतिर्गणिती होता. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ (१५३८) आणि ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ (१५४१) अशा त्यांच्या टीका आहेत. त्यांचे वडील ज्ञानराज. त्यांनी शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ रचला. गोदावरीच्या उत्तर तीराजवळचे त्यांचे पार्थपूर म्हणजे आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला या घराण्याचा परिचय शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त होतो. एरवी पाथरी म्हटले की साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. ज्ञानराज कुणाला आठवत नाहीत.

ते आठवावेत असे एक कारण आहे. भास्कराचार्यांच्या एका प्रसिद्ध विचाराला ज्ञानराजांनी पाथरीतून हरकत घेतली. ज्या विचाराच्या जोरावर आपण आज ‘न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी गुरुत्वाकर्षण आमच्याकडे होते’ असे म्हणतो, तोच हा विचार. आपण निष्कर्ष उचलला आणि त्यावर झालेला वाद सोडून दिला. त्यामुळे भास्कराचार्य मोठे झाले असे आपल्याला वाटते. माझ्या मते ते लहान झाले आहेत. त्यांच्या विचाराचा कस त्यांच्या विरोधकाशिवाय कळत नाही.

आधाराला आधार कोणाचा?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. देवगिरीच्या यादवांच्या प्रदेशात हे ग्रंथ शिकवले जात होते. तेव्हा तीनशे वर्षांनी पाथरीच्या पंडिताने त्यांच्याशी वाद घालावा, हे स्वाभाविकच होते.

गोलाध्यायातल्या ‘भुवनकोश’ प्रकरणात भास्कराचार्य विचारतात : पृथ्वी कशावर टेकली आहे? पुराणे शेष, कूर्म, वराह, दिग्गज अशी नावे सांगतात. भास्कराचार्य या नावांची थट्टा करत नाहीत. ते एक साधी अडचण मांडतात. पृथ्वीला मूर्त आधार हवा असेल, तर त्या आधारालाही आधार हवा, त्यालाही आणखी एक. नैयायिक याला अनवस्था म्हणतात : ज्या युक्तिवादाला कुठेच थांबा नाही, असा दोष. आता कुणी म्हणेल, शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीवर उभा आहे. तर मग, ते म्हणतात, ही स्वतःची शक्ती शेवटच्याला देण्याऐवजी पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच, का देऊ नये? सूर्यात आणि अग्नीत उष्णता, चंद्रात शीतलता, पाण्यात प्रवाहीपणा, दगडात काठिण्य. तशी पृथ्वीच्या ठिकाणी अचलता. वस्तूंच्या शक्ती विचित्र असतात.

पुढचे पाऊल अधिक प्रसिद्ध आहे. पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला ती वस्तू ‘पडते’ असे दिसते. मग पृथ्वी स्वतः कुठे पडणार? तिच्या चहूबाजूंनी आकाश सारखेच आहे. या शेवटच्या प्रश्नात ‘खाली’ या शब्दाचा अर्थच बदलून गेला आहे. खाली ही विश्वातली एक ठरलेली दिशा उरत नाही. पृथ्वीच्या केंद्राकडची दिशा म्हणजे खाली. पृथ्वी सतत खाली कोसळते आहे, हे बौद्धांचे मत खोडतानाही ते अनुभवाचा आधार घेतात. वर फेकलेली वस्तू परत जमिनीवर येते. जड पृथ्वी कोसळत असती, तर हलक्या वस्तूला ती गाठताच आली नसती, असा त्या खंडनाचा आशय आहे. जड वस्तू अधिक वेगाने पडते, हे त्यामागचे गृहीतक चूक आहे. पण मत तपासून पाहायचे ते रोजच्या अनुभवावर, हा आग्रह चूक नाही. आपल्या ‘वासनाभाष्या’त त्यांनी हा आग्रह नियम म्हणूनच सांगितला आहे : गणिताच्या शास्त्रात उपपत्तीने सिद्ध होणारे वचनच प्रमाण मानावे.

पहिला कोण, या प्रश्नाची निरर्थकता

आकर्षणाची कल्पना भास्कराचार्यांचीच, असेही नाही. चुंबकांच्या मध्ये लोखंडाचा गोळा तरंगावा तशी पृथ्वी आकाशात आहे, हा दृष्टांत सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचा. जड वस्तू आपल्याकडे ओढून धरणे हा पृथ्वीचा स्वभाव आहे, असे सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताचे मत अल्बेरुनीने नोंदवले आहे. ‘पहिला कोण’ हीच स्पर्धा लावली, तर भास्कराचार्य न्यूटनच्या आधी येतात, पण ब्रह्मगुप्ताच्या मागे राहतात.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भास्कराचार्यांनी ही शक्ती ग्रहांना लावली नाही. त्यांच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी स्थिर आहे आणि ग्रह-नक्षत्रांना प्रवह नावाचा वायू फिरवतो. अंतर वाढले की ओढ किती कमी होते, याचे मापही त्यांनी दिले नाही. न्यूटनचे काम नेमके तिथे आहे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे साठ पृथ्वी-त्रिज्यांवर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर चंद्राशी ती ३,६०० पट कमी असली पाहिजे. इथे दगड पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडतो. चंद्र त्याच्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे एका सेकंदात सुमारे १.३६ मिलिमीटर वळतो. भागाकार करून पाहावा, हिशेब जुळतो. दगड आणि चंद्र एकाच नियमाने बांधले गेले ते या हिशेबाने. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’चा हा वाटा इतर कुणाच्या खात्यात टाकता येत नाही.

आपला ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वैशेषिकांच्या मते गुरुत्व हा पडणाऱ्या वस्तूचा स्वतःचा गुण. फळ पडते ते त्याच्यात गुरुत्व आहे म्हणून. ओढणारे दुसरे कुणी नको. आकर्षण ही मात्र पृथ्वीची शक्ती. एका मतात कारण फळात, दुसऱ्यात जमिनीत. आपण दोन्ही शब्द जोडून समास केला, शाळेच्या पुस्तकात घातला आणि त्या दोन शब्दांत एक जुना वाद दडला आहे हे विसरून गेलो.

ज्ञानराजांचे गिधाड

आता पाथरीकडे वळू. ज्ञानराजांचा काळ धामधुमीचा होता. बहमनी राज्य फुटले होते आणि पाथरीवरून वऱ्हाडची इमादशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात झगडा व्हायचा होता. अशा काळात हा पंडित नवा सिद्धान्तग्रंथ रचायला बसला. पृथ्वी गोल आहे, हे त्यांना मान्य आहे. ग्रहणाचे, ग्रहगतीचे गणितही ते सिद्धान्तपरंपरेप्रमाणेच करतात. पण पुराणांचे म्हणणे सरसकट टाकून द्यायला ते तयार नाहीत. पुराणे आणि सिद्धान्त यांच्यातला विरोध मिटवणे, विरोधपरिहार, हा त्यांच्या ग्रंथाचा एक मोठा हेतू आहे. एका परीने तेही उंबऱ्यावरच बसले आहेत.

पृथ्वीला बाहेरचा आधार नको, हे भास्कराचार्यांचे मत त्यांना पटत नाही. अनवस्थेच्या दोषाला त्यांनी दिलेले उत्तर चित्रासारखे आहे. अल्प शक्तीचे गिधाड चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकते. मग अचिंत्य शक्तीच्या कूर्माने कल्पभर पृथ्वी धरून ठेवण्यात अशक्य ते काय?

पहिल्या वाचनात हे उत्तर कच्चे वाटते. गिधाड स्वतःच्या बळावर तरंगते आणि कूर्मही स्वतःच्या बळावर राहतो; मग तेच बळ थेट पृथ्वीला द्या, हा भास्कराचार्यांचा प्रश्न तसाच उभा राहतो. पण दृष्टांतातले गिधाड जिवंत आहे, हे ध्यानात घ्या. ते पंख हलवते, साप घट्ट धरते, दिशा बदलते. कूर्म तर ईश्वराचेच रूप. पृथ्वी मात्र जड आहे. माझ्या वाचनाप्रमाणे ज्ञानराजांच्या हरकतीचा गाभा हा आहे : धरून ठेवणे, ओढणे ही कामे चेतनाची. मातीच्या गोळ्याला ती कशी जमतील? ‘तो तिचा स्वभाव आहे’ असे म्हणणे हे उत्तर नाही. उत्तर संपले, याची ती कबुली आहे. चुना जीभ का भाजतो? तर भाजणे हा त्याचा स्वभाव. अशाने कशाचेही उत्तर देता येते आणि कळत काहीच नाही.

म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या दोषांवर बोट ठेवले आहे. आधार शोधत गेलो तर कुठे थांबायचे ते कळत नाही, हा भास्कराचार्यांचा मुद्दा. कुठेही थांबून ‘स्वभाव’ म्हटले तर फार लवकर थांबलो, हा ज्ञानराजांचा. तत्त्वज्ञानात हा प्रश्न अजून जिवंत आहे : स्पष्टीकरण कुठे थांबवावे, आणि थांबलो तर ते ज्ञान म्हणायचे की थकवा?

न्यूटनची तीच अडचण

हा पेच केवळ आपल्याकडचा, मध्ययुगातला, असे कुणाला वाटेल. तसे नाही. १६९२-९३ मध्ये न्यूटनने रिचर्ड बेंटली या धर्मोपदेशकाला काही पत्रे लिहिली. त्यांतल्या एकात तो स्पष्ट म्हणतो की निर्जीव, जड द्रव्याने मध्ये काहीही नसताना दूरच्या द्रव्यावर परिणाम करावा, ही कल्पना त्याला असंबद्ध वाटते. मध्ये काहीतरी कारक असला पाहिजे. तो भौतिक की अभौतिक, याचा निर्णय त्याने वाचकावर सोडला. ज्या माणसाने आकर्षणाचा नियम गणिताने बांधला, त्यालाच जडाच्या अंगी आकर्षण मानवत नव्हते. पाथरीच्या पंडिताची हरकत आणि न्यूटनची अस्वस्थता यांत पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. प्रश्न एकच आहे.

लाइब्निट्सने न्यूटनच्या पक्षावर हाच आरोप ठेवला : हे आकर्षण म्हणजे एक गूढ गुण, नाहीतर अखंड चाललेला चमत्कार. १७१३ च्या आवृत्तीला जोडलेल्या समारोपात न्यूटनने आपली भूमिका मांडली. गुरुत्वाचे कारण मला घटितांतून काढता आलेले नाही आणि मी कल्पित तर्क रचत नाही. ते आहे, नियमाने चालते, आणि ग्रहांच्या व समुद्राच्या हालचाली त्यातून उलगडतात, एवढे पुरे. त्याच समारोपात त्याने ईश्वराबद्दलही विस्ताराने लिहिले आहे. म्हणजे न्यूटनही थांबलाच. फरक इतकाच की थांबण्यापूर्वी त्याने हातात एक माप दिले. ‘स्वभाव’ या शब्दाच्या जागी नियम आला. नियम कारण सांगत नाही. पण तो खोटा ठरू शकतो, आणि म्हणून तपासता येतो. भास्कराचार्यांच्या ‘शक्ती’ला ही कसोटी लावण्याची सोय नव्हती.

१९१५ मध्ये आइन्स्टाइनने ओढ ही कल्पनाच बाजूला ठेवली. वस्तुमानाने अवकाश-काळाला वक्रता येते आणि त्यात मुक्तपणे पडणारी वस्तू तिच्या सहज मार्गाने जात असते. इथे कुणी म्हणेल, पाहा, ‘स्वभाव’ परत आला! तो मोह टाळावा. आइन्स्टाइनचे भाकीत सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाच्या वळणाचा आकडा देते. शब्दसाम्यावरून नाते जोडले तर आपण पुन्हा त्याच जुन्या स्पर्धेत जाऊन बसू.

देव कुठे येतो

या तिघांना समोर ठेवले की एक तुलना सुचते. तिघेही आस्तिक. पण प्रत्येकाच्या मांडणीत देव वेगळ्या जागी येतो.

‘बीजगणिता’त शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्य ‘खहर’ म्हणतात. या राशीत काही मिळवा किंवा वजा करा, ती बदलत नाही. प्रलयकाळी असंख्य जीव अनंत अच्युतात शिरतात आणि सृष्टिकाळी बाहेर पडतात तरी त्याच्यात बदल होत नाही, तसे. शून्याने भागाकार आजच्या गणितात अर्थहीन ठरतो, ही गोष्ट वेगळी. पाहायचे ते हे की इथे देव दृष्टांत म्हणून आला आहे. तो राशी समजावून देतो. हिशेबात हात घालत नाही. ज्ञानराजांच्या विश्वात तो प्रत्यक्ष काम करतो, पृथ्वी उचलून धरतो. न्यूटनचा ईश्वर नियमांचा कर्ता आहे. यांतले कोणते स्थान योग्य, हे ज्याने त्याने ठरवावे. पण भास्कराचार्य म्हणजे धर्म झुगारणारे बुद्धिवादी आणि ज्ञानराज म्हणजे मागे खेचणारे पुराणिक, अशी सोपी वाटणी करता येत नाही. भास्कराचार्यांनी मेरू पर्वत उत्तर ध्रुवावर बसवला, पुराणांतले बहुतेक समुद्र आणि द्वीपे दक्षिण गोलार्धात मांडली. परिहार तेही करत होते. किती करायचा, एवढाच वाद होता.

हा वाद पाथरीत संपला नाही. भोपाळजवळच्या सिहोर येथे इंग्रज अधिकारी विल्किन्सन याच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापूंनी ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ मराठीत लिहिला. तो १८३६ मध्ये मुंबईत छापला गेला. पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तीन मतांची त्यात तुलना आहे. लगोलग पुण्याहून यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी ‘अविरोधप्रकाश’ लिहून उत्तर दिले. नावातच त्यांची बाजू आली : विरोध नाहीच. सुबाजी बापूंनी त्यावर ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहिला. मराठीतली आधुनिक विज्ञानचर्चा अशी वादातून सुरू झाली, आणि त्या वादाचे मूळ ज्ञानराजांच्या प्रश्नापर्यंत जाते.

त्या काळी प्रतिपक्षाला पूर्वपक्ष म्हणून नीट मांडल्याशिवाय आपले मत सांगता येत नसे. ज्ञानराजांनी भास्कराचार्यांना हरकत घेतली आणि मुलाने त्याच भास्कराचार्यांच्या दोन ग्रंथांवर टीका लिहिल्या. एकाच घरात आक्षेप आणि आदर दोन्ही नांदत होते. आज भास्कराचार्यांवर शंका घेणे म्हणजे त्यांचा अपमान, असे आपल्याला वाटू लागले आहे. ज्याच्याशी वाद घालणे आपण बंद केले, त्याला वाचणेही आपण बंद केले, असाच याचा अर्थ होतो.

वादाचा निकाल विचाराल तर मी भास्कराचार्यांच्या बाजूने आहे. कूर्म मानून प्रश्न एक पायरी खाली सरकतो, सुटत नाही. पण ज्ञानराजांनी विचारले नसते, तर ‘स्वभाव’ या शब्दाचे अपुरेपण मला कळले नसते, आणि न्यूटनने त्या जागी नेमके काय नवे ठेवले तेही कळले नसते. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत गुरुत्वाकर्षणाचा धडा शिकवताना शिक्षकांनी भास्कराचार्यांचे नाव जरूर घ्यावे. त्यानंतर मुलांना सांगावे की इथून जवळच, पाथरीला, एका माणसाला ते पटले नव्हते. आणि गिधाडाचा दृष्टांत सांगून विचारावे, तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?